नऊ वर्षांच्या मुलीला ऑनलाइन व्हायोलिन शिकवावं का?

कांजूरची_आई

नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे, चौथीत. गणपतीत आमच्या सोसायटीतल्या एका दादाने व्हायोलिनवर अभंग वाजवला आणि तेव्हापासून हिने धोशा लावलाय. दिवाळी गेली, नाताळ आला, तरी डोक्यातून जात नाही. म्हणजे आता मनावर घ्यायला हवं.

आमच्या जवळपास व्हायोलिन शिकवणारं कुणी सापडलं नाही. दादरला एक वर्ग चांगला आहे म्हणतात, पण संध्याकाळच्या गर्दीत मूल आणि वाद्य दोन्ही सांभाळत कांजूरमार्गला परत येणं मला आठवड्यातून दोनदा झेपणार नाही. म्हणून ऑनलाइनचा विचार चाललाय. पण ज्या वाद्यावर बोट कुठे ठेवायचं याची खूणच नाही, ते पडद्यावरून शिकता येतं का?

आणखी काही शंका आहेत. सासरे म्हणतात, हे परकं वाद्य, त्यापेक्षा पेटी शिकव. खालच्या मजल्यावर आजारी आजोबा आहेत, त्यांना त्रास होईल का? आणि वाद्य कसलं, कितीचं घ्यायचं? कुणी स्वतः शिकवत असेल किंवा कुणाचं मूल शिकत असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

ठाणेकर_बाबा

आमचा मुलगा ऑनलाइन पेटी शिकतोय, छान चाललंय. पण पेटीत पट्टी दाबली की सूर येतोच. व्हायोलिनचं तसं नाही. मला वाटतं पहिलं वर्ष तरी समोर बसूनच शिकू द्या. जाणकार सांगतीलच.

चारतारा

ताई, मी हिंदुस्तानी पद्धतीचं व्हायोलिन शिकवते, पार्ल्यात राहते. २०२० पर्यंत वर्ग घरीच घ्यायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा मुलांचा रियाज तुटू नये म्हणून फोनवर शिकवायला सुरुवात केली, आणि आज माझे बहुतेक विद्यार्थी पडद्यावरच भेटतात. सकाळी सहाला न्यू जर्सीची मुलं येतात, तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात; नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. दुपारी मेलबर्नची, शाळा सुटून नुकतीच घरी आलेली. संध्याकाळी आपली मुंबई-ठाण्याची मुलं. रात्री नऊनंतर मोठी माणसं, ऑफिसातून लोकलने घरी पोचून, जेवण उरकून बसलेली. तर हे सगळं रोजच्या कामातून लिहितेय.

ठाणेकर दादांचा मुद्दा खरा आहे. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची तार घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) वरच्या टोकापर्यंत साधारण ३२५ मिलिमीटर असते. मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवलेल्या, तारेचा सा धरला तर शुद्ध रे तिथून साडेतीन सेंटिमीटरवर येतो आणि कोमल रे त्याच्या निम्म्याहून जरासा पुढे. बोट एक-दोन मिलिमीटर सरकलं की तयार कानाला खटकतं, आणि वर जावं तशी ही अंतरं आक्रसत जातात. पण हे मिलिमीटर समोर बसलेल्या शिक्षकाला तरी कुठे दिसतात? तोही कानानेच ओळखतो. मग सगळा भार कानावर आला, आणि फोनमधून माझ्यापर्यंत पोचणारा आवाज पुष्कळसा पिळून निघालेला असतो. म्हणून ऑनलाइन शिकवताना मुलाचा स्वतःचा कान पहिल्या आठवड्यापासून कामाला लावावा लागतो. समोरच्या वर्गात मी ‘चढलास, जरा उतर’ म्हणायचे आणि मूल बोट मागे घ्यायचं. इथे मी विचारते, ‘लागला का?’ आणि उत्तर त्याने द्यायचं.

ते उत्तर त्याला कसं कळतं, ते सांगते. मी चार तारा सा-प-सा-प अशा लावते. जाड तारेपासून मंद्र (खालच्या सप्तकातला) सा, मंद्र प, मध्य सा, मध्य प. मुलाला मी मंद्र पंचमाच्या तारेवर मध्य सा शोधायला सांगते. शेजारीच मध्य सा ची मोकळी तार असते. तिच्या मधोमध कागदाचा एक बारीक कपटा दुमडून, घोड्यावर मांड ठोकावी तसा बसवायचा. मग पंचमाच्या तारेवर गज (वाजवायची केस लावलेली काठी) ओढत बोट सावकाश पुढे न्यायचं. सूर जवळ आला की कपटा थरथरायला लागतो, नेमका सापडला की नाचतो, कधी उडून खाली पडतो. गज त्या तारेला लागलेलासुद्धा नसतो! पहिल्यांदा हे होतं तेव्हा मुलं ओरडतातच. मग दिवसभर घरातल्या प्रत्येकाला करून दाखवतात, त्यात त्यांचा आपोआप तासभर रियाज होतो. काही आठवड्यांनी कपटा काढून टाकायचा. तोवर आवाजातला फरक कळायला लागलेला असतो. सूर बरोबर असला की शेजारची तार साथीला येते आणि वाद्य मोकळं बोलतं. चुकला की आवाज कोंडतो. हे शिक्षण मी समोर नसतानाही चालू राहतं, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस मी समोर नसतेच.

दुसरं, आधी गळ्यातून, मग गजातून. जो पलटा (सरावाची स्वरांची ओळ) वाजवायचा तो आधी गायचा. गळा गोड नसला तरी चालतो, सुरात हवा. गाता न आलेली ओळ मी वाजवू देत नाही. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं. त्यांच्याकडे पहिले कित्येक महिने मोकळ्या तारांवर लांब गज आणि गाणं, एवढंच चालायचं. एका गजात सावकाश दहा मोजायचे, आवाज कुठे तुटता कामा नये. आजही माझा स्वतःचा रियाज तिथूनच सुरू होतो.

फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं ठेवायच्या फळीवर, रंगीत पट्ट्या चिकटवून देणारे शिक्षक भेटतील. मी चिकटवत नाही. पट्टी असली की मूल डोळ्यांनी वाजवतं, आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) शिकायची वेळ आली की अडतं, कारण मींड दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतच असते. ट्यूनर अ‍ॅपचंही तसंच. मोकळ्या तारा लावायला ते वापरा, पण वाजवताना समोर ठेवू नका. ही अ‍ॅप्स साधारणपणे पियानोच्या सुरांवर बेतलेली असतात. तानपुऱ्यात नीट कान दिला तर जो गंधार (ग) ऐकू येतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). म्हणजे मुलीचा गंधार तानपुऱ्याशी सुंदर मिळालेला असेल तेव्हा अ‍ॅप तिला ‘उतरलास’ असं सांगणार. एका विद्यार्थिनीचा गंधार असा महिनाभर बिघडत गेला होता. आईने कौतुकाने अ‍ॅप लावून दिलं होतं.

आता पडद्याची बाजू. दोघांनी एकत्र वाजवणं ऑनलाइन होत नाही. आवाज जायला-यायला सेकंदाचा काही भाग लागतो, तेवढ्यात ताल फिसकटतो. म्हणून मी एक ओळ वाजवते, मग मूल वाजवतं. तानपुरा आणि तबला मुलाच्याच खोलीत लावायचा, माझ्याकडे नाही. मग तानपुरा आणि व्हायोलिन दोन्ही माझ्याकडे सारख्याच उशिराने पोचतात आणि त्यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं ऐकू येतं. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साऊंड’ अशी सोय आहे, ती चालू करा. नाहीतर तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर समजून झूम तो पुसून टाकतं, आणि मुलाने लांब गज ओढला तर त्याचाही शेवट खातं. फोन समोर न ठेवता मुलीच्या उजव्या हाताला, बसल्यावर खांद्याच्या उंचीवर ठेवा. मला तिचा चेहरा थोडा कमी दिसला तरी चालेल. गज घोडीला समांतर जातोय का आणि डावं मनगट आत कोसळलंय का, हे दिसायला हवं.

वर्गाच्या आदल्या दिवशी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवते. फोनने तिथल्या तिथे केलेलं रेकॉर्डिंग कॉलपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, व्हॉइस मेसेज म्हणून नाही. दुपारच्या रिकाम्या वेळात मी हेडफोन लावून ही रेकॉर्डिंग ऐकते. खरं शिकवणं निम्मं तिथे होतं, कारण घाई नसते, पुन्हा ऐकता येतं.

ऑनलाइन जे होत नाही तेही सांगते. गजाचं वजन शब्दांत सांगता येत नाही. माझा हात मुलाच्या हातावर ठेवून गज ओढला की त्याला जे एका क्षणात कळतं, ते पडद्यावर समजवायला महिना जातो. अंगठा आवळला गेलाय हेही कॅमेऱ्यात पटकन दिसत नाही. म्हणून मुंबईतल्या मुलांना मी सुरुवातीच्या चार-पाच बैठकींना घरी बोलावते, नंतर महिन्यातून एखाद्या रविवारी. परदेशातली मुलं सुट्टीत आजीकडे येतात तेव्हा त्यांचे हात एकदा बघून घेते. तुम्ही कुणाकडेही लावा, पण ही सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर दुसरा शिक्षक बघा, असं मी स्पष्ट सांगेन. आणि लहान मुलांना आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा दोनदा अर्धा तास बरा.

तुमचं कामही आहे ताई. वर्ग सुरू व्हायच्या आधी तारा लावायला तुम्ही शिका. नऊ वर्षांच्या बोटांनी खुंटी फिरत नाही, आणि बेसूर वाद्यावर केलेल्या रियाजाने कान बिघडतो.

वाद्य: पाच-सात हजारांपासून मिळतात. थोडे जास्त गेले तरी चालतील, पण खुंट्या नीट फिरणारं आणि चारही तारांना खाली बारीक स्क्रूचे फाइन ट्यूनर असलेलं घ्या. नऊ वर्षांच्या मुलीला बहुधा अर्ध्या मापाचं लागेल, तरी दुकानात तिला घेऊन जा. डावा हात लांब करून वाद्याचं गोल टोक तळहातात येतंय आणि बोटं त्याभोवती सहज वळताहेत ना, ते बघा. मोठ्या मापाचं ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून घेऊ नका. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये बघता येईल. दोन-तीन वर्षांत माप बदलतं, तेव्हा कुणाचं वापरलेलं मिळालं तर उत्तमच.

आजोबांसाठी रबराचा प्रॅक्टिस म्यूट घ्या. घोडीवर बसवला की आवाज बराच खाली येतो. आणि एकदा स्वतः खाली जाऊन त्यांची झोपायची वेळ विचारून या.

जुना_गिरगावकर

चारतारा ताईंनी इतकं लिहिल्यावर शिकवण्याबद्दल मी बोलायचं कारण नाही. फक्त सासरेबुवांसाठी दोन शब्द.

व्हायोलिन युरोपातून आलं हे खरं. पण पेटी कुठून आली? तीही तिथूनच, आणि व्हायोलिनच्या नंतर. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झाली. त्याआधीच दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी (१७८६–१८५९) व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं होतं. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, कारण तिच्यात मींड निघत नाही. व्हायोलिनवर तशी वेळ कधी आली नाही.

आणि आपल्याकडची माणसं आठवा म्हणावं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, दोन्हींत तेवढेच मोठे. वि. गो. जोगांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर जुगलबंद्या केल्या. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) द. वि. पलुस्करांना साथ करायचे. त्यांचं व्हायोलिन डोळे मिटून ऐकलं तर कुणी गातंय असंच वाटतं. मी ते मैफलीत समोर बसून ऐकलंय. त्या आलापीत एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दिसायची. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी घेऊन ती तारांवर आणली. हे सगळं ऐकल्यावर परकं काय राहिलं?

सासऱ्यांना राजम यांचं एखादं ठुमरीचं रेकॉर्डिंग ऐकवा. वाद घालू नका, नुसतं ऐकवा.

वांद्र्याचा_गज

मी वेस्टर्न वाजवतो, शाळेच्या वयात माहीमच्या एका गोवन सरांकडे शिकलो. एक गोष्ट आधीच ठरवा: हिंदुस्तानी की वेस्टर्न. आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकतं, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो. आम्ही उभे राहून हनुवटीखाली धरतो. तारा वेगळ्या लागतात, बोटं वेगळी पडतात. वर्षभराने बदलायचं म्हटलं तर त्रास होतो.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र चारतारा ताईंशी माझं जमत नाही. आमच्याकडे लहान मुलांना सुरुवातीला पट्ट्या लावतात आणि काही महिन्यांनी काढतात, हात एका जागी स्थिर व्हायला त्याने मदत होते. मलाही लावल्या होत्या, कान काही बिघडला नाही. वेस्टर्न शिकायचं असेल तर मुंबईसारखं शहर नाही. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी इथेच बॉम्बे सिंफनी उभी केली, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले कितीतरी व्हायोलिनवादक गोव्याहून इथे आले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्यातल्याच अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मुलीला एकदा तिथे घेऊन जा आणि एकदा शास्त्रीय मैफलीला. तिला काय आवडतं ते तिलाच ठरवू दे.

चारतारा

वांद्र्याचे दादा, वेस्टर्नसाठी तुमचं म्हणणं मान्य. तिथे हात एका पोझिशनला बसतो, चार बोटं आपापल्या जागी पडतात, पट्टीचा उपयोग होतो. आमच्याकडे बरंचसं काम पहिल्या दोन बोटांवर चालतं आणि हात तारेवरून सतत घसरत असतो, म्हणून मी माझ्या मुलांना नाही लावत. दोन्हीकडे घेऊन जाण्याची सूचना फार चांगली आहे.

गिरगावकर काका, दातारांबद्दल वाचून बरं वाटलं. ‘मधली वाट’ हे मी वर्गात सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन.

कांजूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही मैफली झाल्या. लेकीने खाली बसून वाजवायचं निवडलं, कारण विचारलं तर म्हणाली, ‘ते गाण्यासारखं आहे.’ सासऱ्यांना राजम यांची ठुमरी ऐकवली. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ‘ते कालचं परत लाव’ म्हणाले.

शिक्षिका ठरल्या, सुरुवातीला घरी बोलावणार आहेत. पण पहिल्या बैठकीला वेळ आहे आणि काल वाद्य घरी आलंय, तर मुलगी ऐकेना. आम्ही गज तारेवर ओढला तर आवाजच येत नाही! नुसतं फस् फस् होतं. शिवाय घोडी सुटी आलीय, पिशवीत. वाद्य खराब निघालं का?

चारतारा

अजिबात नाही, नवीन वाद्य असंच येतं. गजाच्या नव्या केसांवर राळ नसते आणि राळेशिवाय केस तारेला पकडत नाहीत, नुसते घसरतात. डब्यात राळेची वडी असेल, तिचा वरचा भाग काचेसारखा चकचकीत असतो. त्यावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, पांढरी भुकटी दिसू लागेपर्यंत. मग गजाचा स्क्रू फिरवून केस ताणा. केस आणि काठी यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढीच फट हवी. आता टोकापासून मुठीपर्यंत वडीवर सावकाश घासा. नव्या गजाला पुष्कळ घासावं लागतं, दहा-पंधरा मिनिटं जातील. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढा भाग मुका होतो. लेकीलाही हे आत्ताच सांगा, सगळ्या मुलांना ते केस कुरवाळायचे असतात. वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायचा, रोज.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. वाद्याच्या पोटावर (वरच्या फळीवर) दोन्ही बाजूंना जी लांबट छिद्रं आहेत, त्यांच्या मधोमध लहान खाचा दिसतील. त्या दोन खाचांच्या रेषेत घोडीचे पाय. ठेंगणी बाजू बारीक तारेकडे, उंच बाजू जाड तारेकडे. तारा थोड्या थोड्या करून चारही सारख्या ताणत न्या आणि दर वेळी बघा, घोडी वरच्या टोकाकडे झुकत जाते, तिला दोन्ही हातांनी धरून पुन्हा सरळ करायचं. एकट्याने करू नका, एकाने वाद्य धरा.

पावसाळ्याचं आताच सांगून ठेवते. जूनमध्ये लाकूड फुगलं की खुंट्या अडकतात. पक्कड लावायची नाही. एसी लावलेल्या कोरड्या खोलीत थोडा वेळ ठेवलं की बहुतेक वेळा सुटतात. व्हायोलिनच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून नको. कडेचा जोड उकललेला दिसला तर घरात फेव्हिकॉल असला तरी लावू नका. व्हायोलिन सरसाने चिकटवतात, म्हणजे पुढे कधी उघडून दुरुस्त करता येतं. फेव्हिकॉल लावला की कारागीर हात जोडतो.

आणि एक, घोडी उभी करताना वाद्य हलवून बघा. आत काही खुळखुळलं तर साऊंडपोस्ट पडलाय, म्हणजे वरच्या फळीला आतून टेकू देणारी छोटी काठी. अशा वेळी तारा ताणल्या तर फळी चिरते. तसंच बंद करून दुकानात न्या, ते बसवून देतील.